कोकणातून कोरियाला जाताना: हानबोक पारखून कसा घ्यावा

रत्नागिरीत मी गेली अनेक वर्षे शिवणवर्ग चालवते. अलीकडे वर्गातल्या मुली कोरियन मालिका पाहून हानबोकाविषयी, म्हणजे कोरियाच्या पारंपरिक पोशाखाविषयी, विचारू लागल्या आहेत. ज्यांच्या घरातले कोणी बोटीवर आहे त्यांचा प्रश्न तर अगदी नेमका असतो: बोट बुसानला किंवा उल्सानला लागणार आहे, तिथून हानबोक आणायचा तर काय सांगून पाठवू? दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंत बोटीवर नोकरी करणाऱ्यांची घरे गावोगाव आहेत आणि आता हौसेने कोरियाची सहल करणारेही वाढले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतले. मी स्वतः दोनदा कोरियाला जाऊन हानबोक विकत घेतला. पहिला चुकीचा निघाला, दुसरा आजही वापरात आहे.

पहिला हानबोक मी सोलमध्ये पर्यटकांच्या गर्दीच्या एका गल्लीत, तयार कपड्यांच्या दुकानातून घेतला. घागऱ्यावर सोनेरी छपाई होती, बाह्यांना जाळीची लेस होती आणि आत गोल कड्यांचा परकर होता. आरशात तो फार शोभून दिसला. पुढच्या मे महिन्यात चिपळूणच्या एका लग्नात मी तो घातला, तेव्हा जेवणाची पंगत बसण्याआधीच पाठ आणि काखा भिजून गेल्या होत्या, कारण कापड नखशिखान्त पॉलिस्टरचे होते आणि त्यातून वाऱ्याला वाटच नव्हती. पहिल्या धुण्यात सोनेरी छपाईचे कण हाताला लागले. दुकानदाराने मला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण तो पोशाख दोन तास घालून छायाचित्रे काढण्यासाठीच शिवलेला होता आणि मी मात्र तो दहा वर्षे वापरण्यासाठी घेतला होता. हानबोक आपल्याला कुठे आणि कोणत्या हवेत घालायचा आहे, हे घरून निघण्यापूर्वी ठरले पाहिजे. पुढची सगळी निवड त्यावरच ठरते.

पोशाखाची बेतणी

स्त्रियांच्या हानबोकात वर आखूड जोगोरी असते आणि खाली छातीपासून घोट्यापर्यंत येणारा घेरदार घागरा असतो, त्याला चिमा म्हणतात. पुरुषांची जोगोरी लांब असते आणि तिच्याखाली बाजी नावाची ऐसपैस विजार येते, जी घोट्याशी पट्टीने बांधतात. थंडीत या सगळ्यावर दुरुमागी हा लांब अंगरखा चढतो. जोगोरीला बटणे नसतात; गोरुम नावाच्या दोन लांब पट्ट्यांची एका फासाची गाठ छातीवर उजव्या बाजूला मारतात. स्त्री असो वा पुरुष, जोगोरीचा डावा पदर उजव्यावर येतो, आणि छायाचित्रात नेमकी हीच चूक सर्वांत आधी डोळ्यांत भरते.

शिवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हानबोकाचे वैशिष्ट्य त्याच्या सपाट बेतणीत आहे. ब्लाऊजला आपण टक्स घालून कापड अंगाला बसवतो. जोगोरी मात्र जमिनीवर पसरली की कागदासारखी सपाट पडते आणि तिला आकार येतो तो अंगावर चढल्यावर. बाहीच्या खालच्या कडेला नावेच्या तळासारखी जी गोलाई असते तिला बेरे म्हणतात. गोगुर्यो राज्याच्या काळातील थडग्यांमधल्या भित्तिचित्रांत जोगोरी, घागरा आणि विजार यांची जुनी रूपे दिसतात, आणि आज आपण ज्याला हानबोक म्हणून ओळखतो त्याचे रूप प्रामुख्याने १३९२ मध्ये स्थापन झालेल्या जोसोन राजवटीच्या काळात घडले. त्या काळाच्या उत्तरार्धात स्त्रियांची जोगोरी आखूड होत गेली आणि घागरा फुगत गेला. २०२२ मध्ये कोरियाने हानबोक घालण्याच्या एकूण रीतीलाच राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, म्हणजे मान केवळ कपड्याला मिळालेला नसून तो कधी आणि कसा घालायचा या व्यवहाराला मिळालेला आहे.

हा व्यवहार रंगांमध्ये फार स्पष्ट दिसतो. हिरवी जोगोरी आणि लाल घागरा ही नव्या नवरीची जोडी मानली जाते. जुन्या रीतीप्रमाणे जांभळा गोरुम म्हणजे नवरा हयात असल्याची खूण आणि बाहीच्या टोकाला निळी पट्टी म्हणजे मुलगा असल्याची खूण होती. आपल्याकडच्या हिरव्या चुड्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. आजकालच्या लग्नांत मुलाची आई निळसर आणि मुलीची आई गुलाबी हानबोक घालते. पर्यटकाने हे नियम पाळलेच पाहिजेत असे कोणी म्हणत नाही, परंतु पन्नाशीच्या बाईने अजाणतेपणी नवरीची जोडी उचलली तर दुकानदारीण अवघडते. त्यामुळे आपण कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगासाठी कपडा घेत आहोत हे सुरुवातीलाच सांगावे.

भाड्याने घ्यावा की विकत

केवळ राजवाड्यात फिरून छायाचित्रे काढायची असतील तर विकत घेण्याची अजिबात गरज नाही. ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आसपास आणि जोंजू शहरातल्या जुन्या घरांच्या वस्तीत भाड्याने हानबोक देणारी दुकाने ओळीने आहेत. साधारण दहा ते तीस हजार वॉनमध्ये काही तासांसाठी पूर्ण पोशाख मिळतो, आणि बहुतेक ठिकाणी केसांची साधी मांडणीही करून देतात. हानबोक घालून गेलेल्याला सोलच्या राजवाड्यांत प्रवेश विनामूल्य असतो, मात्र वरचा आणि खालचा असे दोन्ही कपडे अंगावर हवेत. ग्योंगबोकगुंग मंगळवारी आणि चांगदोकगुंग हा दुसरा राजवाडा सोमवारी बंद असतो, हे लक्षात ठेवून दिवस ठरवावा.

विकत घेण्याचे ठरवले असले तरी पहिल्या दिवशी एकदा भाड्याने घालून पाहावा, असा माझा आग्रह आहे. छातीवर बांधलेला घागरा घेऊन बसणे, जिना चढणे, जेवणे कसे वाटते हे दोन तासांत कळते आणि आपल्याला कोणता रंग खुलतो तेही कळते. हा अंदाज घेऊन मग बाजारात जावे.

कापडाची पारख

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. हानबोकाच्या दुकानांत मुलसिल्क हा शब्द सतत कानावर पडतो आणि आपल्याकडच्या माणसाला त्यातले केवळ सिल्क ऐकू येते. कोरियन भाषेत मुल म्हणजे पाणी, आणि मुलसिल्क म्हणजे पाण्याने धुता येणारे, रेशमासारखे दिसणारे पॉलिस्टर. ते वाईट कापड नव्हे. स्वस्त असते, सुरकुतत नाही, घरी धुता येते, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या संध्याकाळच्या कार्यक्रमापुरते ते आपल्याकडेही चालते. परंतु रेशमाचा भाव देऊन ते घेऊ नये. खऱ्या रेशमासाठी दुकानदार बोनग्योन हा शब्द वापरतात. कपड्यावर हात ठेवून "बोनग्योन?" एवढे विचारले तरी उत्तर सरळ मिळते, आणि ते कापडाच्या चिठ्ठीवरच्या मजकुराशी फोनमधील भाषांतराच्या सोयीने ताडून पाहता येते. हाताची परीक्षाही उपयोगी पडते: रेशीम मुठीत धरले की काही क्षणांत हाताची ऊब घेते, तर पॉलिस्टर थंड आणि निसरडे राहते.

रेशमातही प्रकार आहेत. यांगदान हे नक्षी विणलेले जाड कापड आपल्या ब्रोकेडच्या जातीचे असते आणि ते थंडीतल्या समारंभांसाठी घेतात. नोबांग हे कडक, पारदर्शक रेशीम असते, ऑर्गंझासारखे, आणि त्याची जोगोरी उन्हाळ्यात घालतात. आपल्या हवेचा विचार केला तर यांगदान टाळावे आणि रेशीमच हवे असेल तर नोबांग किंवा तशा हलक्या विणीचे कापड निवडावे.

तरीही कोकणातल्या माणसाला मी मनापासून सुचवीन ते मोशी. मोशी म्हणजे रॅमी या झाडाच्या सालीतल्या तंतूंचे कापड. दक्षिण चुंगचोंग प्रांतातल्या सोचोन जिल्ह्यातील हानसान हा भाग त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या मोशी विणण्याच्या कलेला २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तिथल्या बायका सालीचे तंतू दातांनी चिरून बारीक करतात आणि मग आपल्याकडे सुंभ वळावा तसे उघड्या मांडीवर तळहाताने वळून एकमेकांना जोडतात. हा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होऊन तुटतो, म्हणून माग दमट, अर्धवट जमिनीखाली असलेल्या खोलीत ठेवण्याची रीत आहे. ओल्या हवेत जन्मलेले हे कापड आपल्या ओल्या हवेत सुखाने नांदते. ते अंगाला चिकटत नाही, घाम लवकर वाळतो आणि खळ दिली की त्याला जो ताठपणा येतो तो कडक इस्त्रीच्या सुती साडीसारखा असतो. मी दुसऱ्या वेळी घेतलेली जोगोरी मोशीची आहे, फिकट पोपटी रंगाची, आणि ती मी एप्रिलमधल्या दुपारच्या मुंजीतही घातली आहे. हातविणीचे हानसान मोशी फार महाग असते; बाजारात यंत्रावर विणलेले आणि परदेशातून आलेले मोशीही पुष्कळ मिळते. रोजच्या वापराला तेही चांगले, फक्त दोन्हींचे भाव विचारून मगच ठरवावे.

एका कापडाविषयी सावध करायला हवे. सांबे म्हणजे हेंपचे, पिवळसर तपकिरी रंगाचे, खरखरीत कापड. उन्हाळी कपड्यांसाठी ते वापरतात, पण शोकाचे कपडे आणि मृतदेहाला घालायचे कपडेही परंपरेने त्याचेच शिवतात. मृताच्या या कपड्यांना सुउई म्हणतात आणि हानबोकाच्या बाजारातच त्यांचीही दुकाने असतात. म्हणून अशा दुकानात शिरून भेटवस्तूसाठी कापड मागण्याचा प्रसंग येऊ नये, यासाठी फोनवर पाटीचे भाषांतर पाहून मगच आत जावे.

ज्यांना थंड प्रदेशात पुढचा प्रवास करायचा आहे त्यांनी नुबी अवश्य पाहावी. दोन कापडांमध्ये कापूस घालून सरळ रेषेत जवळजवळ टाके घालण्याची ती रीत आहे, आणि आपल्या आज्यांच्या गोधडीची ती सख्खी बहीण शोभते. उत्तम नुबीचे टाके तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतात. रत्नागिरीत ती जोगोरी घालण्याचे दिवस फार थोडे, परंतु शिवणाची आवड असलेल्या कोणीही ती हातात घेऊन पाहिल्याशिवाय परत येऊ नये.

गळपट्टी, शिवण आणि अस्तर

सोलमधल्या ग्वांगजांग बाजाराच्या वरच्या मजल्यावर एका लहानशा दुकानात मी ती पोपटी जोगोरी घेतली. दुकानदारीण साठीच्या पुढची होती, उंच ओट्यावर पाय दुमडून बसलेली, आणि माझ्यापुढे कापडांचे तागे उलगडत असतानाच तिच्या मांडीवर दुसऱ्या कोणाची तरी जोगोरी होती, जिची पांढरी गळपट्टी ती सुईने बसवत होती. ही गळपट्टी म्हणजे दोंगजोंग. आत कडक कागद आणि वर पांढरे कापड असलेली ती अरुंद पट्टी जोगोरीच्या रंगीत गळ्यावर वरून टाचलेली असते, कारण मानेचा घाम तिने शोषावा आणि मळली की तेवढीच काढून नवी लावता यावी अशी ती योजना आहे. बाईने दोन्ही टोके एकमेकांवर आणून मला दाखवली. दोन्ही टोके तंतोतंत जुळली होती. तिने पुन्हा उसवली, केसभर वर सरकवली आणि पुन्हा टाचली. मला पहिल्या मांडणीत काही दोष दिसला नव्हता. त्यानंतर मी कोणतीही जोगोरी पाहताना सर्वांत आधी गळा पाहते. दोंगजोंगची दोन टोके समान अंतरावर, समान कोनात मिळत असतील आणि पट्टीला कुठे फुगा नसेल, तर शिवणाऱ्याचा हात स्थिर आहे असे समजावे. पट्टी यंत्राच्या टिपेने कायमची शिवून टाकलेली असेल तर तो भाड्याच्या जातीचा कपडा आहे.

दुसरी पाहणी आतल्या बाजूची. जोगोरी उलटी करून उजेडापुढे धरावी. पारदर्शक कापडावर केक्की नावाची शिवण असते, जिच्यात एकाच रेषेवर तीनदा टीप मारून माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, अगदी कडेपर्यंत कापून टाकतात. त्यामुळे आतून-बाहेरून केवळ एक बारीक रेघ दिसते. ही रेघ बाहीच्या गोलाईत वाकडी जाते का ते पाहावे. अस्तराची जोगोरी असेल तर अस्तर वरच्या कापडापेक्षा किंचितही मोठे नसावे, नाहीतर धुतल्यावर कडा झोळ पडल्यासारख्या लोंबतात. अस्तर पॉलिस्टरचे आणि वरचे कापड रेशमाचे असा मेळ पुष्कळ ठिकाणी घालतात, म्हणून अस्तराचे कापडही वेगळे विचारावे. घागऱ्याच्या वरच्या पट्टीला खांद्यावरून येणारी बंडी जोडलेली असेल तर ती घ्यावी, कारण केवळ छातीवर बांधायचा घागरा आपल्याला सवय नसल्याने सारखा खाली घसरतो.

सोनेरी नक्षी असेल तर ती विणलेली आहे, भरतकामाची आहे, वर्ख ठोकलेला आहे की छापलेली आहे, हे विचारावे. गुमबाक म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशाने सरस लावून त्यावर सोन्याचा वर्ख बसवण्याची दरबारी कला. ती सुंदर असते, पण कोकणच्या दमट हवेत तिची निगा राखणे अवघड आहे. भरतकाम अधिक टिकते.

कुठे आणि कधी जावे

सोलमध्ये एकाच ठिकाणी जायचे असेल तर ग्वांगजांग बाजार निवडावा. १९०५ मध्ये स्थापन झालेला हा बाजार जोंगनो-ओगा या मेट्रो स्थानकाला लागून आहे. तळमजल्यावर मुगाच्या डाळीचे घावन तव्यावर निघत असतात आणि वरच्या मजल्यावर रेशमाची व हानबोकाची दुकाने असतात. पर्यटकांपैकी बहुतेक जण खालूनच खाऊन परततात. जवळच दोंगदेमुनचा कापडबाजार आहे, जिथे थान, लेस, दोरे, पट्ट्या असा केवळ शिवणाचा माल मिळतो. स्वतः शिवणाऱ्यांनी तिथे अर्धा दिवस राखून ठेवावा. इन्सादोंग भागात सेंगह्वाल हानबोक, म्हणजे रोजच्या वापरासाठी सोपा केलेला हानबोक, चांगला मिळतो. त्याला बटणे किंवा बंद असतात, घागरा कंबरेवर येतो, आणि सुती कापडात तो आपल्या कुडत्याइतका सहज वापरता येतो. पुरुषांसाठी तर मी हाच सुचवीन. देगू शहरातला सोमुन बाजार हा कापडाचा जुना आणि मोठा बाजार आहे. त्या बाजूला जाणे होत असेल तर तो चुकवू नये.

बोटीवरच्या मंडळींना सोल गाठणे जमत नाही. बुसानला बोट लागली आणि किनाऱ्यावर उतरायला एक दिवस मिळाला तर मेट्रोने बोमिल स्थानकाजवळच्या बुसानजिन बाजारात जावे. तिथे लग्नाच्या बस्त्याचा माल मिळतो, त्यामुळे हानबोकाची दुकाने पुष्कळ आहेत आणि गिऱ्हाईक स्थानिक असल्याने माल टिकाऊ असतो. एकाच दिवसात नवा शिवून मिळणार नाही, पण तयार असलेल्यातला घेऊन लांबी कमी-जास्त करून मिळू शकते. बुसानमधलाच दुसरा, गुकजे बाजार, जागालची या मासळी बाजाराजवळ आहे, आणि आमच्या मिरकरवाडा मासळी बंदरावरच्या माणसाला जागालची पाहिल्याशिवाय चैन पडणार नाही हे मी जाणते. फक्त आधी कपड्यांची खरेदी उरकावी आणि मग मासळीकडे वळावे, कारण रेशमाला लागलेला वास सहजी जात नाही.

कापडाची बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात आणि संध्याकाळी लवकर मिटतात, म्हणून सकाळी दहा-अकराच्या सुमारास जाणे उत्तम. चुसोक आणि सोल्लाल (चांद्र नववर्ष) या दोन सणांच्या दिवसांत मात्र बाजाराचा बेत ठेवूच नये. चुसोक चांद्र आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो, म्हणजे आपल्याकडच्या अनंत चतुर्दशीनंतरच्या किंवा कोजागरीच्या पौर्णिमेच्या सुमारास. गणपतीला मुंबई रिकामी होऊन सगळे कोकणात उतरतात, तसेच त्या दिवसांत कोरियातली माणसे आपापल्या गावी जातात. दुकाने बंद असतात आणि गाड्यांत जागा नसते. सणाच्या आधीचे दोन-तीन आठवडे शिवणारे गर्दीत बुडालेले असतात, तेव्हाही नवे काम सांगू नये.

माप, भाव आणि बोलणे

मापाने शिवून घ्यायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. मुक्काम तेवढा नसेल तर तयार पोशाख घ्यावा किंवा दुकानदार परदेशी पाठवतो का ते आधीच ठरवावे. कोरियातल्या तयार कपड्यांवर ५५, ६६, ७७ असे अंक दिसतात; ते ढोबळमानाने लहान, मध्यम आणि मोठे असे समजावेत. दुसऱ्या कोणासाठी घेत असाल तर चार मापे सेंटीमीटरमध्ये लिहून न्यावीत: उंची, छातीचा घेर, काखेपासून घोट्यापर्यंतची लांबी, आणि ह्वाजांग, म्हणजे मानेच्या मागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंतचे अंतर. आपल्याकडे बाहीचे माप खांद्यापासून घेतात, हानबोकात ते मानेपासून घेतात, आणि इथेच घोटाळा होतो. घागऱ्याची लांबी ठरवताना पायांत कोणते पादत्राण असेल ते सांगावे. लहान मुलांसाठी घेताना एक माप मोठेच घ्यावे. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा, रंगीबेरंगी पट्ट्यांच्या बाह्यांचा पोशाख आपल्याकडे बोरन्हाणाला फार गोड दिसतो.

एका रुपयाला साधारण सोळा वॉन या हिशोबाने एक लाख वॉन म्हणजे सहा हजार रुपयांहून थोडे अधिक. सुती सेंगह्वाल हानबोक पन्नास हजारांपासून दोन लाख वॉनपर्यंत मिळतो, तर मापाने शिवलेला पारंपरिक पोशाख तीन लाखांच्या आसपास सुरू होऊन रेशमाचा असेल तर दहा लाखांच्याही पुढे जातो. भाव विचारताना आतला परकर, मोजे, पादत्राण आणि नोरिगे हे गोंड्याचे लोंबते आभूषण त्यात धरले आहे का, हे एकेक करून विचारावे. "ओल्मायेयो?" म्हणजे केवढ्याला, आणि "इबो ब्वादो द्वेयो?" म्हणजे घालून पाहू का, एवढी दोन वाक्ये पाठ असली तरी पुरे. मालकिणीला साजांगनिम म्हणावे आणि पैसे दोन्ही हातांनी द्यावेत. बाजारात थोडी घासाघीस चालते, पण ती हसतमुखाने आणि एकदाच करावी. हाताने शिवलेल्या कामाचा भाव निम्म्यावर आणायला बसणे मला शोभत नाही असे वाटते, कारण त्या गळपट्टीमागे किती वेळ जातो ते मी पाहिले आहे.

पासपोर्ट जवळ ठेवावा. करमुक्त खरेदीची पाटी असलेल्या दुकानात एका वेळी किमान १५,००० वॉनची खरेदी केली तर परदेशी प्रवाशाला त्यातला कर परत मिळू शकतो. काही दुकाने तो जागीच वजा करतात, तर काही ठिकाणची पावती विमानतळावर दाखवावी लागते. माल घेऊन तीन महिन्यांच्या आत देश सोडणे आवश्यक असते. लहान दुकानदार रोखीचा कमी भाव सांगतात तेव्हा ही पावती बहुधा मिळत नाही, त्यामुळे कोणता व्यवहार खरोखर स्वस्त पडतो याचा हिशोब तिथेच उभे राहून करावा.

घरी आणल्यावर

सपाट बेतणीमुळे हानबोक पेटीत फार कमी जागा घेतो. जोगोरीच्या पट्ट्या आधी अंगावर सरळ आडव्या ठेवाव्यात, मग बाह्या आत दुमडाव्यात आणि गळ्यावर घडी येणार नाही असे पाहावे. दोंगजोंग एकदा मोडली की सरळ होत नाही. घागरा उभ्या घड्या घालून गुंडाळावा. मोशीला एकाच जागी वारंवार घडी पडली तर त्या रेषेवर तंतू तुटतात, म्हणून ते नेहमी गुंडाळीतच ठेवावे.

आणि आता पावसाळ्याविषयी. पोपटी जोगोरी घेतली त्याच प्रवासात मी बहिणीसाठी रेशमाची एक जोगोरी आणली होती आणि ती दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीतच कपाटात ठेवली. श्रावणात पिशवी उघडली तेव्हा गळ्याभोवती आणि अस्तरावर बुरशीचे करडे ठिपके उठले होते. अस्तर बदलले, पण गळ्यावरचा डाग गेला नाही. रेशीम प्लास्टिकमध्ये ठेवू नये. धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळून, सुकवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वाळ्याची जुडी बाजूला ठेवून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवावे. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर त्या कापडाला टेकू देऊ नयेत. आषाढ-श्रावणात पाऊस उघडलेल्या दिवशी कपाट उघडे ठेवावे, आणि दसऱ्यानंतर ऊन स्थिरावले की हानबोक सावलीत, वाऱ्यावर दिवसभर पसरावा.

रेशीम ड्रायक्लीनिंगला द्यावे आणि देताना दोंगजोंग उसवून काढून ठेवावी. मोशी घरी थंड पाण्यात, न पिळता धुवावे. आमच्याकडे भाताच्या पेजेचे वरचे पाणी गाळून सुती साड्यांना खळ देतात. मोशीलाही तीच खळ चालते, कारण कोरियातही जुन्या काळापासून भाताची खळ देऊन, कापड लाकडी दांड्यांनी बडवून गुळगुळीत करण्याची रीत आहे. खळीचे पाणी पातळ असावे, कापड अर्धवट ओले असतानाच हाताने ताणून सरळ करावे आणि वर सुती फडके टाकून इस्त्री फिरवावी. नव्या दोंगजोंग बाजारात अगदी स्वस्त मिळतात; निघताना चार-पाच आणून ठेवाव्यात, कारण त्या रत्नागिरीत मिळत नाहीत आणि वर्षाकाठी एक तरी लागतेच.